उलट वागण्याचा नेम

एकदा एक शेतकरी तावातावाने आपल्या वृद्ध गुरूंच्या अंगणात शिरला. आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या मुलखातली ही गोष्ट. तिकडे याम पिकतो. आपल्या कोनफळाच्याच जातीचा, पण हातभर लांब कंद. मुलगा वयात आला की बाप आपल्या कोठारातून त्याला यामचे बेणे देतो, आणि स्वतःचे बेणे लावणारा मुलगाच गावात पुरुष म्हणून गणला जातो. या शेतकऱ्याने, मदुकाने, आपल्या मुलाला बेणे नाकारले होते. लागवड चार दिवसांवर आली होती.

“आजोबा, उझोमाला मी एक कंद देणार नाही,” मदुका म्हणाला. “परवा त्याला शेतात पाठवलं, तर हे महाशय शेजारणीचं छप्पर शाकारत बसले! अगदी माझ्या बापाचा दुसरा अवतार! गावाची छपरं शाकारली त्यानं, आणि आम्ही गळक्या खोपटात उपाशी निजलो.”

“आणि तू कसा वागलास?”

“त्याच्या बरोबर उलट! तो गप्पा मारायचा, मी तोंड उघडत नाही. तो हसायचा, मी हसत नाही. तो कुणाच्याही हाकेला धावायचा. मला हाक मारायची कुणाची छाती नाही. म्हणून तर कोठार भरलंय!”

वृद्धाने डोळे मिटून धरणीमातेचे स्मरण केले. “एक दिवसाचा नेम करशील? सूर्य मावळेपर्यंत मी जे करीन, त्याच्या उलट तू करायचंस. मातेला साक्षी ठेवून. मोडायचा नाही.”

मदुकाला यातले काही उमगले नाही. पण गुरूंचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

वृद्ध सावलीत बसले. मदुका उन्हात उभा राहिला. वृद्धाने लाल पामतेलात बुडवून भाजका याम खाल्ला. मदुका उपाशी राहिला. वृद्ध काही वेळ मौनात गेले. मग याला बोलणे भाग, आणि सुचेना काही, म्हणून त्याने कोठारात दोरीने बांधलेल्या कंदांच्या रांगांचे वर्णन दोनदा केले. वृद्ध समोर तोंड करून गावातून चालले. मदुका उलट पावलांनी. पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, “अगं बाई, मदुकाच्या पाठीला डोळे फुटले!” वृद्ध एका बकरीवर खेकसले, तर याला तिला गोंजारावे लागले. वृद्ध हसले तेव्हा न हसणे, तेवढे त्याला जमले.

दुपारी उझोमा धावत आला. “बाबा, किती वेळ उन्हात! पाणी घ्या.”

मदुकाचा हात पुढे झाला. तेवढ्यात वृद्धाने आपला पाण्याचा भोपळा तोंडाला लावला. हात मागे आला.

“बाजूला हो!” मदुका ओरडला. “आजोबा काय करतायत ते बघू दे मला!”

मुलगा पाणी खाली ठेवून निघून गेला.

सूर्य टेकला तसा मदुका फुटलाच. “संपला ना नेम? जीव मेटाकुटीला आला! दिवसभरात एक पाऊल माझ्या मनाचं टाकलं नाही. सगळी नजर तुमच्यावर!”

“हो. आज्ञाधारक शिष्यसुद्धा गुरूकडे एवढं लक्ष देत नाही,” वृद्ध म्हणाले. “उलट वागलास, तरी दिवस माझाच झाला. आणि हा नेम तुला नवा नाही, मदुका. वडिलांच्या नावानं तू तो लहानपणीच घेतलास. ते गेले, तुझा नेम चालूच आहे. दुपारी पाणी घेऊन आलेल्या पोराचा चेहरा कसा झाला होता, सांग बरं?”

मदुकाने तो चेहरा पाहिलाच नव्हता. तो हळूच म्हणाला, “पण आजोबा, ती उपासमार खोटी नव्हती.”

“नव्हतीच. आपलं शेत आधी, हे उझोमाला जरूर शिकव. पण तू शिकवतोयस एका मेलेल्या माणसाला. पोरगा बाजूलाच उभा राहतो.”

मदुका घरी आला. त्याने कोठाराचे दार उघडले आणि मुलाला आत बोलावले. “तुझं बेणं तूच निवड.”

उझोमा विश्वास न बसल्यासारखा रांगांपुढे उभा राहिला. मग त्याने बारके बारके कंद टोपलीत ठेवायला सुरुवात केली.

“अरे, हे कसले घेतोयस?”

“चांगले तुम्हाला लागतील ना, बाबा.”

‘अगदी त्याच्यासारखा!’ हे शब्द मदुकाच्या ओठांवर आले. पण यावेळी त्याने आधी मुलाकडे पाहिले. वडिलांपेक्षा याचे कपाळ रुंद होते, हात मोठे होते, आणि हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आले नव्हते. वरच्या रांगेतला सर्वांत जाड कंद दोरीतून सोडवून मदुकाने टोपलीत ठेवला, आणि दुसऱ्याला हात घातला.