चौथ्या सुळक्यावरचा प्रश्न

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा थोडे उंच होते आणि माणसं आजच्यापेक्षा थोडं जास्त खरं बोलायची. थोडंच हं! फार नाही.

एका दरीत एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर ओळीनं पाच सुळके उभे होते. थोरली, घोडमान, तवा, नणंद आणि एकलकोंडा. चौथ्याला नणंद का म्हणत, ते चढून गेल्याशिवाय कळत नसे आणि चढून आलेला ते विसरत नसे.

गावातली निम्मी माणसं पावसाळ्यात मेंढरं घेऊन सुळक्यांच्या पलीकडे कोरड्या मुलखात जायची. पाऊस सरला की ती पलीकडून एका ठरलेल्या दिवशी डोंगराकडे नजर लावून बसायची. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गावातली दोन माणसं पाचही सुळके चढायची आणि प्रत्येक माथ्यावर ओला पाला जाळून धूर करायची. पाच धूर दिसले की मेंढक्यांना कळायचं, पावसानं वाटा खचल्या नाहीत, खिंडीतून घरी यायला हरकत नाही. एक जरी धूर कमी पडला तरी ते दुसऱ्या पहाटे लांबच्या वाटेला लागायचे. थांबून राहणार कसे? पलीकडचा चारा तोवर संपलेला असायचा.

दोन माणसं आणि एक दोर. त्या दोराचा एक रिवाज होता, तो नीट ऐका. सगळी गोष्ट त्यावरच आहे.

चढताना काय, जो तो आपापल्या नखांनी चढतो. जीव जातो तो उतरताना. म्हणून माथ्यावर धूर झाला की उतरायच्या आधी दोघांनी दोर हातात घेऊन एकमेकांना विचारायचं, "भ्यालास का?" आणि उत्तर खरं द्यायचं. जो भ्यालेला, त्यानं दोराला धरून आधी उतरायचं. जो भ्यालेला नाही, त्यानं वर बसून दोर कमरेला घ्यायचा, खालच्याचा भार सोसायचा आणि मागून मोकळ्या हातांनी उतरायचं. दोघंही भ्यालेले असले, तर दोर खडकाला घालायचा आणि त्याच्या आधारानं सावकाश एकेकानं उतरायचं. त्याला वेळ लागायचा, पण त्याची लाज कुणाला नव्हती.

गावात एक बाई होती. तिला सगळे दोरवाली म्हणत. कड्यावरचा मध काढण्यात तिचा जन्म गेला होता. इतकी वर्षं धुराच्या दिवशी तीच सुळके चढायची आणि तिच्या जोडीला तिचा भाऊ असायचा, पण यंदा भावाचे गुडघे गेले.

"मी येते ना," तिची लेक साळू म्हणाली. साळू आईच्याच हाताखाली तयार झालेली होती.

पण साळूचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा सपाट मुलखातला, अंगानं धिप्पाड, मनानं चांगला. दोरवालीला मुलगा नव्हता, म्हणून तो घरजावई होऊन आला होता. आता घरजावयाला गाव काय म्हणतं, ते मी सांगायला नको. पारावर बसणाऱ्यांना दुसरं काम काय असतं?

"बायको डोंगरावर आणि मी चुलीपाशी?" जावई म्हणाला. "लोक तोंडात शेण घालतील. मामींबरोबर मी जातो."

निघताना साळूनं त्याच्या पाठीवर पाल्याचा भारा बांधला आणि हळूच म्हणाली, "आई विचारील तेव्हा खरं सांगा. तिला तेवढंच लागतं."

"मला काय भीती वाटणार आहे?" तो हसला. तो खरंच हसला, कारण तोवर तो फक्त उंबऱ्यात उभा होता.

थोरलीच्या माथ्यावर पहिला धूर झाला. जावयानं खाली वाकून बघितलं आणि तो झटकन मागे सरला. गाव तळहातावर मावेल एवढं दिसत होतं. दरीतून वारा असा वर येत होता, की खाली कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतंय असं वाटावं.

दोरवालीनं दोर हातात घेतला. "जावईबापू, भ्यालात का?"

जावयाला पार आठवला. पारावरचे लोक आठवले. "नाही मामी," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मी भ्याले," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं दुसरं उत्तर कधी दिलंच नव्हतं.

जावयाला वाटलं, म्हातारी भ्याली, आता माझ्यासारख्या गड्यानं कसं म्हणायचं? त्यानं दोर कमरेला घेतला. ती उतरली. मग तो मोकळ्या हातांनी उतरला. एकेक पाय टेकताना त्याचा घाम खडकावर पडत होता. आकाशात लांबवर एक काळा ठिपका फिरत होता, तो त्यानं बघितलाच नाही.

घोडमानीवर दुसरा धूर झाला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. ठिपका आता गिधाड झाला होता आणि त्याची सावली दोघांच्या अंगावरून जात होती.

तव्यावर तिसरा धूर झाला. ऊन चढलं होतं, खडक भाजत होता. उतरताना जावयाच्या पायाखालचा दगड निसटला आणि बराच वेळ खाली आपटत गेला. दगड तळाला पोचल्याचा आवाज काही आला नाही. खाली आल्यावर त्याचे गुडघे सोललेले होते आणि बोटं थरथरत होती. ती त्यानं काखेत लपवली.

दोरवालीनं ती बोटं बघितली. डोळे होते ना तिला! हा मुलगा आतून पार गळाला आहे, हे तिला लख्ख कळलं. बोलावं असं तिच्या ओठांवर आलंही. पण जावई तो! जावयाला पाट द्यावा, ताटात वाढावं, त्याच्याशी खालच्या आवाजात बोलावं. "तुम्ही खोटं बोलताय" असं जावयाला म्हणणारी सासू त्या मुलखात अजून जन्मायची होती. तिथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, तरी तिची जीभ उचलली नाही. ती नुसतं म्हणाली, "पाणी प्या."

आणि दोघं नणंदेवर चढली.

नणंदेचा माथा दोन माणसांना जेमतेम पुरेल एवढाच. तीन बाजूंना दरी आणि चौथ्या बाजूला बाहेर झुकलेला कडा. उतरायची वाट त्या कड्यावरून. चौथा धूर झाला तसा वाऱ्यानं तो यांच्याच तोंडावर आणला. डोळे चुरचुरले. धूर बाजूला झाला तेव्हा जावयाला दिसलं, की समोरच्या दगडावर गिधाड येऊन बसलंय. मान वाकडी करून ते त्याच्याकडेच बघत होतं.

"जावईबापू, भ्यालात का?" दोरवालीनं विचारलं. यावेळी तिनं जरा थांबून, त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं. जणू ती हात जोडत होती.

सांगावं, आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. पण तीनदा नाही म्हणालेला माणूस चौथ्यांदा हो कसं म्हणणार? आधीची तिन्ही उत्तरं खोटी पडतील.

"नाही," तो म्हणाला.

"मी भ्याले," ती म्हणाली. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि कड्यावरून खाली उतरायला लागली. तिचं डोकं काठाखाली गेलं. आता वर तो, दोर आणि गिधाड.

"शाबास," गिधाड म्हणालं. त्याचा आवाज सुकं पान चुरगळावं तसा होता. "सकाळपासून ऐकतोय. तू एकदा नाही म्हणालास की मी एक सुळका जवळ येतो. आता फार लांब उडायला नको."

जावयाची नजर काठाच्या पलीकडे गेली आणि दरी गरगर फिरायला लागली. त्यानं डोळे मिटले. दोरावर माणूस असताना वरच्यानं डोळे मिटायचे नसतात. त्याचा पाय सरकला, दोर हातातून सर्रकन निघाला, तळव्यांची सालं गेली आणि खालून एकच किंकाळी आली.

दोराचा हिसका कमरेला बसला. तो फरफटत काठाशी गेला. तिथं खडकाला एक चीर होती, तिच्यात त्याचा पाय अडकला म्हणून तो थांबला. त्याची छाती काठाबाहेर होती. खाली दोराच्या टोकाला दोरवाली लोंबकळत होती. कड्यावर आपटून तिचा उजवा हात मोडला होता. वाऱ्यानं ती हळूहळू गोल फिरत होती, आणि ती फिरली की जावई काठाकडे तसूभर आणखी ओढला जात होता.

गिधाडानं पंख सावरले.

खालून आवाज आला. ती रडत नव्हती आणि शिव्याही देत नव्हती. तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "जावईबापू, भ्यालात का?"

आता ऐका. माणसाची लाज काय चीज असते बघा. मरण दातांत धरून बसलंय, तरी त्याच्या तोंडून पटकन उत्तर येईना. त्याला अजूनही पार दिसत होता. वारा सुटला. दोर काठावर घासला, त्याचा एक पीळ तुटला आणि तुटलेला धागा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"भ्यालो!" तो ओरडला. "मामी, मी भ्यालोय! पहिल्या सुळक्यापासून भ्यालोय! माझ्याच्यानं नाही धरवत!"

"मग नका धरू," ती खालून म्हणाली. "तुमच्या उजव्या हाताला खडकाचा सुळा असेल. असेल बघा. शिल्लक दोर त्याला घाला, दोन विळखे द्या. खडकाला भीती वाटत नाही."

सुळा होता. इतका वेळ हाताच्या अंतरावर होता. रडत रडत, सोललेल्या हातांनी त्यानं दोराला विळखे दिले. कमरेवरचा भार खडकावर गेला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यानं पोटभर श्वास घेतला. मग तो हळूहळू दोर सोडत गेला, तिचे पाय कपारीला टेकले. नंतर तोही त्याच दोराच्या आधारानं उतरला. भीतीनं हुंदके देत उतरला, पण उतरला.

गिधाड उडून गेलं.

त्यानं सासूला पाठीवर घेतलं आणि ओढ्याच्या वाटेनं गाव गाठलं. सूर्य मावळला तेव्हा डोंगरावर चारच धूर होते.

पलीकडच्या मेंढक्यांनी चार धूर मोजले आणि ते लांबच्या वाटेला लागले. ते घरी पोचले तेव्हा थंडी पार कडक झाली होती. वाटेत किती कोकरं गेली, ते कुणी मोजलं नाही. मोजवलं नाही. दोरवालीचा हात जुळला, पण बोटांची मूठ पुन्हा कधी वळली नाही. दोराचं काम तिच्या हातून कायमचं सुटलं.

पारावर लोकांनी जावयाला नको नको ते ऐकवलं. दोरवाली स्वतः पारावर गेली आणि म्हणाली, "त्यानं लपवलं ते तुम्हाला दिसतंय. मला त्याची भीती दिसत होती आणि मी त्याचा मान राखत बसले. माझा हात आम्ही दोघांनी मोडलाय."

पुढच्या वर्षी पुन्हा तो दिवस उगवला. दोराच्या एका टोकाला जावई होता, दुसऱ्या टोकाला साळू. दोरवाली अंगणात बसून वर बघत होती. त्या दरीत आवाज फार लांब जातो. थोरलीवर धूर झाला आणि पाठोपाठ सगळ्या गावाला ऐकू आलं, "भ्यालो!" पोरं हसली. घोडमानीवरून ऐकू आलं, तव्यावरून ऐकू आलं. नणंदेवरून तर इतक्या मोठ्यानं आलं, की पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. आता कुणीच हसत नव्हतं.

मग एकलकोंड्यावर पाचवा धूर उठला आणि आवाज आलाच नाही.

गाव कानांत प्राण आणून ऐकत होतं. दोरवाली उभी राहिली. तिचा मोडका हात पदराशी चाळा करायला लागला. तिनं आकाश न्याहाळलं. गिधाड कुठं दिसतंय का, तेच ती शोधत होती. सूर्य डोंगराला टेकला.

आणि मग वरून दोन आवाज एकदम आले.

"भ्यालो!"

"मीही भ्याले, आई!"

दोरवाली मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून शेजारणीला म्हणाली, "चूल पेटवा. आता सुखरूप येतील." आणि ती दोघं आली. त्यांच्या मागून चार दिवसांनी, खिंडीतून, घंटा वाजवत सगळी मेंढरंही आली.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं गाठीला बांधा: आपली भीती जो सांगतो, त्याचा दोर खडकाला बसतो, जो लपवतो, त्याचा दोर दुसऱ्याच्या जिवाला बसतो.