चेंडूशिवाय शिकवलेला खेळ

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

तिथल्या लोकांना पायाने चेंडू खेळायचं भारी वेड. दरवर्षी शेजारच्या राज्याशी सामना व्हायचा आणि दरवर्षी हे सपाटून हरायचे. शेवटी राजाने एक क्रीडागुरू नेमला. तो म्हणाला, "महाराज, वळण लहानपणीच लागलं पाहिजे. पोरं तीन वर्षांची झाली की माझ्या ताब्यात द्या."

राजाने दवंडी पिटवली. कुणाचं नाक वाहतंय, कुणाची चड्डी धड कमरेवर टिकत नाही, अशी पोरं मैदानावर रांगेत उभी राहिली. ढोलावर टिपरी पडली की उजवा पाय वर, पुन्हा पडली की खाली. आणि चेंडू? तो गुरुजींच्या पेटीत. चाळीस नियम तोंडपाठ झाल्याशिवाय त्याला पाय लावायचा नाही, असा दंडक होता. खेळ शिकवायचा आणि खेळू मात्र द्यायचं नाही! याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गावात चेंडू शिवणारी एक बाई होती. तिची लेकही त्या रांगेत होती. दिवसभर हुंदडणारी ती पोर महिन्याभरात अशी धास्तावली, की आईच्या हातात चेंडू दिसला तरी रडत खाटेखाली शिरायची. आईचा जीव तुटला. मग तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी तिने लेकीला पाठवलंच नाही. चिंध्यांचा मऊ चेंडू शिवून अंगणात सोडला आणि स्वतःच त्याच्यामागे ओरडत पळाली, "अगं बाई, उंदीर पळाला! धरा, धरा!"

लेक खाटेखालून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली. चौथ्या दिवशी तिने त्या उंदराला लाथ हाणली आणि खुदकन हसली. पाहता पाहता आळीतली सगळी चिल्लीपिल्ली अंगणात जमू लागली. पडायची, उठायची, मध्येच एखादं चेंडूवर बसून भाकरी खायचं. बाईने कुणाला हटकलं नाही.

गुरुजींना वार्ता लागली. ते शिपाई घेऊन दारात आले. "ही पोरं आत्ताच्या आत्ता मैदानावर पाठव, नाहीतर तुला गावाबाहेर काढीन!"

बाईने पदर खोचला. "काढा की! पण माझी पोर त्या रांगेत उभी राहायची नाही. एवढासा जीव! त्याला आधी चेंडू आवडू तर द्या. नियम कुठं पळून जातायत?"

भांडण राजापुढे गेलं. राजा म्हणाला, "दोघांची पोरं मैदानावर आणा. जो हरेल त्याने गाव सोडायचं."

टिपरी पडली. गुरुजींच्या पोरांचे उजवे पाय एकदम वर गेले, एकदम खाली आले. चेंडू घरंगळत त्यांच्या पायांशी येऊन थांबला. एकानेही त्याला शिवलं नाही. सगळी पुढच्या टिपरीची वाट बघत होती.

बाईची फौज किंचाळत सुटली. दोघं पडली, एक उलट दिशेलाच पळालं. तिच्या लेकीने मात्र रांगेत घुसून चेंडू पायाने बाहेर काढला आणि ती हसत पुढे धावली.

रांगेतल्या एका पोराने गुरुजींकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि धूम ठोकली. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. गुरुजी "रांग! रांग!" म्हणून ओरडत राहिले. ऐकतंय कोण!

राजा पोट धरधरून हसला. "बाई, आजपासून या पोरांची गुरू तू."

"मला नको ते पद, महाराज," बाई म्हणाली. "एवढ्याशा पोरांना गुरू कशाला हवा? त्यांना अंगण द्या."

गुरुजींनी त्याच दिवशी गाव सोडलं. राजाने मैदान पोरांना मोकळं केलं आणि सहा वर्षांखालच्या मुलाला रांगेत उभं करणं त्या राज्यात गुन्हा ठरला.

तात्पर्य: लहानग्याला आधी मनसोक्त खेळू द्यावं, मग शिकवावं; आणि त्याच्या खेळाआड कुणी आलं, तर तो कितीही मोठा असो, त्याला ठणकावून नाही म्हणावं.