मुखवट्यावरचा थर

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात कागदाच्या लगद्याचा देवीचा मुखवटा होता. दर चैत्रात तो बांधून, घोळदार झगा घालून गावातला एक तरुण संबळाच्या ठेक्यावर नाचे. रीत अशी, की ज्याच्याकडे नाचाचा मान, त्याने आधी खळ लावून मुखवट्यावर कागदाचा नवा थर चढवायचा. तो काम करी आणि म्हातारे शेजारी बसून त्याला पावले शिकवीत.

एक वृद्ध हा मुखवटा सांभाळी. पुढे डोंगराखालच्या बंदरात परदेशी गलबतांची ये-जा फार वाढली. गावोगाव एकच पोशाख, एकच नाच दिसू लागला. वृद्ध धास्तावला.

त्या वर्षी मान कोष्ट्याच्या मुलाचा होता. त्याने निळ्या रेशमाची चिंधी आणली.

“आजोबा, बंदरावरची आहे. देवीच्या कपाळावर लावू?”

“आज चिंधी, उद्या तिला टोपी घालशील!”

“घातली तर रुसेल होय? इतकी वर्षं तुमचा राग सोसतेय ती!”

सगळे हसले. वृद्ध हसला नाही. त्याने मुखवटा उचलून पेटीत ठेवला आणि कुलूप लावले. “आहे तसाच राहू दे. आता कुणी हात लावायचा नाही.”

थर नाही, म्हणून नाच नाही. कोष्ट्याच्या मुलाने दोन चैत्र वाट पाहिली, मग तो बंदरावरचे नाच शिकला. वृद्ध मात्र निर्धास्त झोपू लागला.

बारा वर्षांनी गावकरी आले. “नातवंडांनी देवी पाहिलीच नाही. यंदा नाचवू या.”

वृद्धाने पेटी उघडली. मुखवटा किडीने पोखरला होता. खळीत दरसाल कडुलिंबाचा रस घालत, तोच कीड दूर ठेवी, हे त्याला तेव्हा उमगले. वरचे थर हातात गळून आले. खाली परमुलखातले काचमणी निघाले. त्याखाली परदेशी जर निघाली, आणि त्या जरीची नक्षी त्याच्या स्वतःच्या आजोबांच्या हातची होती.

त्याने कोष्ट्याच्या मुलाला बोलावले. “पोरा, चढव थर. तुला हवा तसला.”

“चढवतो, आजोबा. पण पावलं कोण शिकवणार?”

वृद्ध उठला. त्याने तीन पावले टाकली. चौथे त्याला येत नव्हते, ज्यांना येत होते ते सारे म्हातारे केव्हाच गेले होते, आणि पूर्वी नाचलेले तरुण बंदरावरचे नाच नाचता नाचता ती पावले विसरले होते.

आता त्या गावात किडलेल्या मुखवट्याच्या जागी नवा, सुबक मुखवटा भिंतीवर टांगलेला आहे. मुले त्याला नमस्कार करतात आणि दुसरेच नाच नाचायला निघून जातात.

ध्यानात ठेवावे ते एवढेच: ज्या हातांना आपण परंपरेत भर घालू देत नाही, ते हात ती पुढे नेत नाहीत.