टिंग होईना, बाळ झोपेना

एका गिटारच्या पोटात किटू रातकिडा राहायचा. त्याची बहीण अगदी एवढीशी. तिला झोप आली की किटू बारक्या तारेवर उडी मारायचा. टुणुक. तार वाजायची. टिंग. बाळ झोपायचं.

गिटार होती हेरंबकाकांची. काका गिटारसाठी सारखं काहीतरी आणायचे. पक्कड आणली. तेल आणलं. मऊ मऊ फडकं आणलं. गिटार वाजवायचं तेवढं राहून गेलं.

दसरा आला. काकांनी पाटावर फडकं अंथरलं. त्यावर पक्कड, तेलाची बाटली आणि एक नवी तार मांडली. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. झेंडू वाहिला. मग श्रीखंड-पुरी जेवून काका आडवे झाले.

दुपारी किटूने उडी मारली. टुणुक. टण्ण. तार तुटली. गंजलीच होती ती, कधी कोणी पुसली नव्हती. बाळ रडायला लागलं. ट्यँ ट्यँ.

किटू निघाला पाटाकडे. टुणुक टुणुक.

"तारताई, तारताई, गिटारवर बसता का?"

"आज माझी पूजा झालीय. मी उगाच नाही हलत. पक्कड जुनं टोक काढेल, तर मी बसेन."

तार बसेना, टिंग होईना, बाळ झोपेना.

टुणुक टुणुक.

"पक्कडकाकू, पक्कडकाकू, जुनं टोक काढता का?"

"आज माझी पूजा झालीय. मी उगाच नाही हलत. जबडा आवळलाय माझा. तेल गळेल, तर मी टोक काढेन."

पक्कड हलेना, तार बसेना, टिंग होईना, बाळ झोपेना.

टुणुक टुणुक.

"तेलदादा, तेलदादा, थेंबभर गळता का?"

"आज माझी पूजा झालीय. मी उगाच नाही हलत. कुंकवाने झाकण चिकटलंय. फडकं पुसेल, तर मी गळेन."

तेल गळेना, पक्कड हलेना, तार बसेना, टिंग होईना, बाळ झोपेना.

टुणुक टुणुक.

"फडकेआजी, फडकेआजी, झाकण पुसता का?"

"अरे, सगळी पूजा माझ्याच अंगावर बसलीय. मी हलू कशी? काका उचलतील, तर मी पुसेन."

फडकं पुसेना, तेल गळेना, पक्कड हलेना, तार बसेना, टिंग होईना, बाळ झोपेना.

टुणुक टुणुक.

"हेरंबकाका, हेरंबकाका, उठता का?"

काकांनी एक डोळा उघडला. "गिटार वाजेल, तर मी उठेन." डोळा मिटला. घुर्रर्र.

काका उठेनात, फडकं पुसेना, तेल गळेना, पक्कड हलेना, तार बसेना, टिंग होईना, बाळ झोपेना.

आता मात्र किटूला राग आला. खूप राग आला. तो काकांच्या उशीवर चढला आणि थेट कानात गायला लागला. किर्र किर्र किर्र.

काकांनी कूस बदलली. किर्र किर्र. काकांनी डोक्यावर चादर ओढली. किटू चादरीत शिरला. किर्र किर्र किर्र.

"काय हवंय बाबा तुला?"

"टिंग हवी."

"मग गप्प बसशील?"

"बसेन."

काका उठले. काकांनी फडकं उचललं. झेंडू गडगडले. फडक्याने झाकण पुसलं. तेल गळलं. टप. पक्कड हलली. कट. जुनं टोक निघालं. नवी तार गिटारवर बसली. कुर्र कुर्र, काकांनी ती ताणली.

किटूने उडी मारली. टुणुक. टिंग.

बाळ झोपलं.

मग सुरू झालं भांडण. तार म्हणाली, "माझ्यामुळे झालं." पक्कड म्हणाली, "माझ्यामुळे." तेल म्हणालं, "माझ्यामुळे." फडकं म्हणालं, "माझ्यामुळे." काका म्हणाले, "मी पूजा केली, म्हणून."

सगळ्यांनी विचारलं, "किटू, तूच सांग. कोणामुळे झालं?"

किटू म्हणाला, "हळू बोला. बाळ उठलं, तर मी परत तुमच्याकडेच येईन."

सगळे एकदम गप्प बसले.