मॅक्लाउडसाहेबांच्या घरात काय कमी होतं?

एडिंबरात शिकायला गेलेल्या सांगलीच्या शलाकाला राहायला खोली काही मिळेना. अखेर कुणीतरी मॅक्लाउडसाहेबांचं नाव सुचवलं. निवृत्त न्यायाधीश, पण म्हातारा म्हणजे एक वल्ली! खोली मागायला आलेल्याला आधी दिवसभर पाहुणा म्हणून ठेवून घ्यायचा आणि संध्याकाळी एकच प्रश्न विचारून निकाल द्यायचा.

शलाकाने दिवसभर घर पाहिलं. पुस्तकं उंचीप्रमाणे उभी, चमचे एकाच दिशेला तोंड करून निजलेले, पडद्याला सुरकुती नाही की काचेवर डाग नाही. तिला कपबशी खाली ठेवायचीसुद्धा धास्ती वाटू लागली.

चहा झाला आणि साहेबांनी घसा खाकरला. "माझ्या घरात काय कमी आहे, सांग. काहीच नाही म्हणालीस, तर तू तोंडपुजी. खोट काढलीस, तर खाल्ल्या मिठाला न जागणारी. अशा दोघींनाही इथे थारा नाही."

शलाका शांतपणे म्हणाली, "सर, आमच्याकडे बाळ फारच देखणं असलं, की दृष्ट लागू नये म्हणून आई त्याला काजळाचा काळा ठिपका लावते. त्याला तीट म्हणतात. तुमच्या घराला तेवढी तीट लावायची राहिलीय. माझी खोली कधी आवरलेली नसते. मला ठेवून घ्या, म्हणजे झालं!"

साहेबांच्या मिशा हलल्या, पण चेहरा न्यायाधीशाचाच राहिला. "आणि ही तीट लावतात कुठे?"

"कानामागे. चटकन कुणाच्या नजरेत येणार नाही अशी."

"मग तू माळ्यावर राहा," म्हणत त्यांनी किल्ली तिच्यापुढे सरकवली.