मारा एकाला हाक

बोरखेडच्या चर्चमध्ये मार्थाबाई लोखंडे तीस वर्षं तरुण संघ चालवीत होत्या. तिथं नवे रेव्हरंड नथानिएल आले, ते गुडघ्यावर फाटलेली जीन्स, रंगीत दिवे आणि धुराचं यंत्र घेऊनच. तीन महिने पोरांच्या कानठळ्या बसवल्यावर त्यांनी कमिटीपुढे, पोरांच्या देखतच, ठराव मांडला की संघ बाईंकडून काढून घ्यावा.

"प्रभू कोळ्यांत गेला तो त्यांच्यातला होऊन," पंचेचाळिशीतले रेव्हरंड म्हणाले. "तरुणांत तरुणच हवा. बाई, तुमचा जमाना गेला."

"साहेब, प्रभू काही खांद्यावर जाळं टाकून मिरवला नाही," बाई म्हणाल्या. "त्यानं कोळ्यांना नावानं हाक मारली. ही बारा पोरं समोर बसलीत. मारा एकाला हाक, मी आत्ता घरी जाते."

रेव्हरंडांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं, मग शेवटच्याकडे. "ए भावा!" ते उसनं हसत ओरडले. कुणीच हललं नाही.

"नावं ऑफिसातल्या यादीत आहेत," ते पुटपुटले.

"मग त्या यादीचा संघ तुम्ही चालवा. पोरं माझ्याकडे राहू द्या."

ठरावाच्या बाजूनं एकच हात वर झाला, आणि तो रेव्हरंडांचा होता.