उजवीकडे जमीन आहे

पूर्वी भद्रतीर्थ बंदरात मेघवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, म्हणजे राज्य त्याचा प्रधान करीत होता आणि राजा झोपत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कावळिणीच्या घरट्यात जन्माला आले. हंस, मोर, सोनेरी हरिण असे देखणे जन्म आधी घेऊन झाले होते. या खेपेला काळा रंग आणि घोगरा आवाज वाट्याला आला. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार पुढे सुरू झाली.

रोहक नावाच्या तांडेलाच्या गलबतावर बोधिसत्त्व दिशाकाक होते. दिशाकाकाचं काम असं, की गलबत भर समुद्रात वाट चुकलं की त्याला पिंजऱ्यातून सोडायचं. तो उंच जाऊन चहूकडे बघतो. जमीन दिसली नाही तर डोलकाठीवर परत येतो, कारण बसणार कुठे? जमीन दिसली तर मागे वळून न बघता तिकडे जातो, आणि त्याच्या मागोमाग गलबत. ज्या कावळ्याने जमीन दाखवली तो सुटला, त्याला पुन्हा धरायचं नाही, असा खलाशांचा शिरस्ता होता. पण रोहक इतका चांगला तांडेल होता की त्याचं गलबत कधी वाट चुकतच नसे. त्यामुळे बोधिसत्त्वांचं सगळं आयुष्य दोरखंडावर बसून गेलं. आता ते म्हातारे झाले होते. त्यांना स्वर्ग नको होता, फक्त एक झाड हवं होतं. ज्याचं खोड हलत नाही, असं झाड.

त्या वेळी आधी होऊन गेलेल्या काश्यप बुद्धांचा धम्म देशोदेशी पोचला होता. तेव्हा इतके देश होते का, असं विचारू नये. माणसं होती म्हणजे देश होते, आणि देश होते म्हणजे प्रत्येकाची रीत होती. शंखद्वीप नावाच्या बेटावरून निरोप आला, 'आम्हाला धम्म शिकवायला कोणीतरी पाठवा.' कोणीतरी म्हणजे आपणच, असं एकाच वेळी तिघांना वाटलं आणि तिघेही रोहकाच्या गलबतावर चढले.

पहिले ताम्रद्वीपाचे स्थविर उत्तिय. यांचा नियम कडक. सूर्य माथ्यावरून कलला की अन्नाचा कण तोंडात घालायचे नाहीत. पांढऱ्या सुताचा मोठा गुंडा सदैव काखेत. परित्राण पाठ म्हणताना ते सूत सगळ्यांच्या हातातून फिरवायचं, म्हणजे रक्षण होतं, अशी त्यांच्याकडची रीत.

दुसरे हिमदेशाचे आचार्य लोद्रो. हे मंत्र तोंडाने थोडे म्हणत आणि रंगीत पताकांवर लिहून वाऱ्यावर जास्त सोडत. 'वारा म्हणेल,' असं ते म्हणत. वाऱ्याने कधी तक्रार केली नव्हती.

तिसरे पूर्वदेशाचे भिक्षू वूमिंग. यांच्याजवळ एक पोकळ लाकडी मासा होता. पाठ म्हणताना ते तो टोल्याने वाजवीत, टॉक, टॉक, टॉक. कांदा-लसूण वर्ज्य. पिंजऱ्यातला पक्षी दिसला की त्याला शरणगमन, म्हणजे 'बुद्धं शरणं गच्छामि', ऐकवून सोडून द्यायचं, हे त्यांच्या देशात मोठं पुण्य.

बंदर दिसेनासं होण्याआधीच वादाला तोंड फुटलं. डोकं किती वाकवायचं, दिवा तेलाचा की लोण्याचा, अंगावरचं चीवर पिवळं की करडं. खलाशी ऐकत. एक म्हातारा खलाशी म्हणाला, "तांडेल, यांच्या बुद्धाने नक्की सांगितलं तरी काय?"

"भांडू नका, असं सांगितलं असेल," रोहक म्हणाला. "त्यावरूनच चाललंय."

मग तुफान आलं. तुफानाने शीड फाडलं, चांदण्या झाकल्या आणि गलबत कुठल्या कुठे नेऊन टाकलं. ते थांबल्यावर वारा पडला तो पडलाच. वर पांढुरकं धुकं, खाली तेलासारखं पाणी, आणि रांजणात पिण्याच्या पाण्याचा तळ दिसू लागला. खलाशांचे ओठ फुटले. तेव्हा रोहक पिंजऱ्यापाशी आला.

"म्हातारबा," तो म्हणाला, "आता सगळं तुझ्यावर."

बोधिसत्त्वांनी पंख झटकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना कामाचं काही सांगत होतं.

"थांबा!" स्थविर उत्तिय पुढे झाले. "इतक्या मोठ्या कामाला निघालाय, बिनरक्षणाचा पाठवता?" त्यांनी सुताचं एक टोक रांजणाला बांधलं, सूत सगळ्यांच्या हातातून फिरवलं आणि दुसरं टोक बोधिसत्त्वांच्या पायाला बांधलं. गाठ पक्की. तिच्यामागे मायाही तितकीच पक्की होती, हेच तर दुखणं.

बोधिसत्त्व उडाले. धुक्याच्या वर गेले. उजवीकडे, लांब, काळसर रेघ. रेघेवर हिरवा ठिपका. झाड! त्यांनी पंख मारला, आणि पायाला असा हिसका बसला की ते गरगरत खाली आले ते थेट डोलकाठीवर.

"परत आला," रोहक म्हणाला. "जमीन नाही."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोधिसत्त्वांना बोलता येत होतं. पण कावळ्याची भाषा तांडेलाला आणि खलाशांना कळत नसे. ती कळे फक्त ध्यानाचा अभ्यास केलेल्यांना. आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

बोधिसत्त्व स्वच्छ शब्दांत म्हणाले, "उजवीकडे जमीन आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांचेही डोळे पाणावले.

"ऐकलंत?" उत्तिय हळूच म्हणाले. "उजवीकडे. म्हणजे डावा मार्ग सोडा, सम्यक मार्ग धरा."

"नाही, स्थविर," वूमिंग म्हणाले. "जमीन म्हणजे चित्ताची भूमी. ती आहेच. कुठे जायलाच नको."

"पण कोणाच्या उजवीकडे?" लोद्रो विचारात पडले. "उजवं-डावं कल्पणारा तो कोण?"

"अहो महाराज," ती कुजबुज ऐकू न येऊन रोहक काकुळतीला आला, "काय म्हणतोय तो?"

"फार गूढ आहे," तिघे एकदम म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

बोधिसत्त्वांनी एक डोळा मिटला. मग पुन्हा म्हणाले, "उजवीकडे. जमीन. खरी जमीन. मातीची. वल्ही मारा."

"मातीची!" वूमिंग भारावून म्हणाले. "शेवटी सगळं मातीचंच."

दुसऱ्या दिवशी लोद्रोंना वाटलं, सूत कमी पडलं. त्यांनी बोधिसत्त्वांच्या दुसऱ्या पायाला पताकांची माळ बांधली. निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी. बोधिसत्त्व उडाले आणि लग्नाच्या मांडवासारखे खाली आले. खलाशी या स्थितीतही हसले. रोहक हसला नाही. त्याने वल्ही वाटून ठेवली होती, पण कुठल्या दिशेला मारायची ते सांगायला त्याच्याजवळ काही नव्हतं. भलत्या दिशेला अंगातला जोर संपला असता, तर योग्य दिशेसाठी उरला नसता.

हे हाल वूमिंगना पाहवेनात. दुपारी उत्तिय पाठाला बसले, लोद्रो ध्यानाला, खलाशी ग्लानीत. रोहक रिकाम्या रांजणाच्या तळाशी ओल आहे का ते फडक्याने टिपत होता. वूमिंग हळूच आले. गाठी सोडल्या. बोधिसत्त्वांना वाटलं, चला, एकाला तरी अक्कल आली.

पण नुसतं सोडून कसं चालेल? वूमिंगनी लाकडी मासा पुढ्यात घेतला आणि बोधिसत्त्वांना शरणगमन ऐकवायला सुरुवात केली. टॉक. टॉक. टॉक. सगळ्या कडव्यांसह. ज्यांना पुढे स्वतः बुद्ध व्हायचं होतं त्यांनी कावळा होऊन ते सगळं ऐकून घेतलं. ऊन उतरू लागलं.

"जा, जिवा," वूमिंग म्हणाले, "मुक्त हो." आणि त्यांनी पाठ फिरवून डोळे मिटले. दिलेल्या दानाकडे बघत बसू नये, अशी त्यांच्याकडची रीत.

बोधिसत्त्व उडाले आणि थेट झाडावर जाऊन बसले.

जुनं उंबराचं झाड होतं. खोड हलत नव्हतं. पिकलेली फळं हाताशी, म्हणजे चोचीशी, लोंबत होती. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं. बोधिसत्त्वांनी एक फळ फोडलं आणि सवयीने मागे वळून पाहिलं.

कावळ्याच्या डोळ्याला धुक्यातही दिसलं, गलबत जिथल्या तिथे होतं. कोणी बघितलंच नव्हतं! एक पाठात, एक ध्यानात, एक दान देऊन पाठमोरा. जगाला वाट दाखवायला निघालेले तीन ज्ञानी, आणि तिघांचे डोळे बंद.

बोधिसत्त्व फांदीवर बराच वेळ बसले. त्यांची सुटका झाली होती. शिरस्त्याप्रमाणे झाली होती, धर्माप्रमाणेही झाली होती. परत गेलं तर काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. कावळा परत आला म्हणजे जमीन नाही, असंच तांडेल समजणार. सांगायला जावं, तर तिघे मिळून त्याचा अर्थ लावणार. पण फडक्याने रांजण टिपणारा रोहक डोळ्यांपुढून हलेना. आणि ते तिघे? गाठी बांधताना आणि सोडताना त्या तिघांचे हात किती हळू होते, हेही बोधिसत्त्वांना आठवलं. वाईट असते तर सोडून देता आलं असतं.

"छे!" बोधिसत्त्व म्हणाले, आणि फळ तसंच टाकून उडाले.

वाटेत त्यांनी ठरवलं, आता बोलायचं नाही. आता कावळ्यासारखं वागायचं.

गलबतावर उत्तिय सुताचा गुंडा गुंडाळत होते आणि त्याच्या टोकाला लोद्रोंच्या पताका अजून अडकलेल्या होत्या. बोधिसत्त्वांनी वरून झडप घातली, टोक चोचीत धरलं आणि पळाले.

"माझं सूत!" उत्तिय ओरडले.

"माझ्या पताका!" लोद्रो उठले.

"अरे, याला मी मुक्त केला होता!" वूमिंग कपाळाला हात लावून म्हणाले. "हा चोरी करायला परत आला, तर माझ्या पुण्याचं काय?"

गुंडा भराभर उलगडत होता. सूत ताणलं गेलं. धुक्यात पांढरी सरळ रेघ उमटली आणि तिच्या टोकाला पाच रंग फडफडू लागले.

"धरा त्याला! तांडेल, तिकडे वळवा!" तिघे म्हणाले. अनासक्ती शिकवायला निघालेले तिघे.

रोहक त्या रेघेकडे बघत राहिला. दोन्ही पाय मोकळे असलेला कावळा आपण होऊन परत येतो आणि ओढत नेतो, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला कावळ्याची भाषा येत नव्हती, म्हणून त्याला कळलं.

"उठा रे!" तो गरजला. "उजवीकडे! वल्ही घ्या!"

वल्ही थोडी होती. तिघे भिक्षू भिक्षापात्रं पाण्यात घालून वल्हवू लागले. पण एकाचा हात पुढे तर दुसऱ्याचा मागे, गलबत गोल फिरायला लागलं.

"अहो वूमिंग, तो मासा वाजवा!" उत्तिय धापा टाकत म्हणाले. "इतके दिवस नको तेव्हा वाजवलात!"

टॉक. टॉक. टॉक. हात एका लयीत पडू लागले.

पुढे सूत चोचीत धरून बोधिसत्त्व उडत होते. सुटू नये म्हणून त्यांनी ते पायालाही वेढून घेतलं होतं आणि ते आता पायात रुतत होतं. पंख म्हातारे होते. धुकं सरत नव्हतं. गलबतातून जमीन अजून दिसत नव्हती, आणि अशा वेळी पताका एकदम खाली आल्या. बोधिसत्त्व पाण्यात पडले.

उत्तियांनी सूत ओढून घेतलं आणि त्यांना पात्राने वर उचललं. डोळे मिटलेले, चोच उघडी. रोहकाने टिपून टिपून जमवलेलं पाणी वाटीत होतं, एका माणसाच्या घोटाएवढं. त्याने ते पुढे केलं आणि हात तिथेच थांबवला, कारण त्याच्यामागे त्याचे सगळे खलाशी बघत होते.

कोणी नियम काढला नाही. सूर्य कुठे आहे ते उत्तियांनी बघितलं नाही. वूमिंगनी मासा बाजूला ठेवला. लोद्रो म्हणाले, "पाजा." उत्तियांनी बोधिसत्त्वांचं डोकं धरलं, वूमिंगनी चोच, आणि लोद्रोंनी थेंब थेंब पाणी सोडलं.

बोधिसत्त्वांनी डोळा उघडला. तीन डोकी एकमेकांना चिकटून त्यांच्यावर वाकली होती. त्यांनी मान उचलली आणि चोच उजवीकडे केली.

"उजवीकडे जमीन आहे," ते पुटपुटले.

"हो," तिघे म्हणाले. आणि वल्हवायला बसले.

थोड्याच वेळात धुक्यातून उंबर दिसला. तेच शंखद्वीप होतं. किनाऱ्यावर माणसं जमली होती, पुढे त्यांची मुखिया कांदली. तिने पाहिलं, की तीन परदेशी साधू पात्रांनी वल्हवत आले, एका कावळ्याच्या पायातलं सूत सोडवू लागले, आणि ओढ्याचं पाणी स्वतः पिण्याआधी त्यांनी ते त्याच्या चोचीत घातलं.

"तुमच्यातला धम्म शिकवणारा कोण?" तिने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"राहू दे," कांदली म्हणाली. "बघितला आम्ही."

बोधिसत्त्व उंबरावर राहिले. त्या पायावर त्यांना पुढे कधी नीट बसता आलं नाही, पण खोड हलत नव्हतं, त्यामुळे जमून गेलं. एक वर्ष गेलं. एके सकाळी खाली गलका ऐकून त्यांनी पाहिलं, तर सगळं बेट होड्या घेऊन पाण्यात उतरलं होतं. हातात पात्रं, पात्रांनी वल्हवणं चाललेलं, एका टोकाला सूत, सुताला पताका, लाकडी मासा वाजतोय. धम्म असाच पाळायचा असतो, हे बेटावरच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि किनाऱ्यावर दोन गट पडले होते. कावळ्याला पहिलं पाणी उजव्या हाताने पाजायचं की डाव्या?

बोधिसत्त्वांनी एक डोळा मिटला. मग खाली उतरले आणि दोन्ही हातांतलं पाणी प्यायले.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्यांनीच, विहारात सांगितली. चीवर वाळत घालताना घडी आत की बाहेर, यावरून तीन भिक्षूंमध्ये सकाळपासून जुंपली होती, तेव्हाची ही गोष्ट. सांगून झाल्यावर शास्ता म्हणाले, "तेव्हाचे उत्तिय म्हणजे आजचा भिक्षू सुभूषण, लोद्रो म्हणजे पिंगल, वूमिंग म्हणजे वारण. तेव्हाचा तांडेल म्हणजे हा दारात उभा असलेला, तुमची भांडणं ऐकून दमलेला विहाराचा स्वयंपाकी. कांदली म्हणजे रोज मुकाट्याने भिक्षा वाढणारी उपासिका सोमा. आणि तो कावळा मीच होतो. भिक्षूंनो, त्या जन्मी मी करुणा पुरी केली असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. करुणा सोपी होती. मी पुरी केली ती क्षांती, म्हणजे सोसणं."

तिघा भिक्षूंनी माना खाली घातल्या. 

मग सुभूषण हळूच म्हणाला, "भंते, क्षांती म्हणजे आतली की बाहेरची?"

शास्त्यांनी एक डोळा मिटला.